टेस्टरचा दिवा न पाहता घरातील विजेची कामे : दृष्टिहीनांसाठी पद्धती आणि मर्यादा

ठिपकेसहा (धागाकर्ती)

नमस्कार. मी जन्मतः पूर्ण दृष्टिहीन असून नाशिकमधील एका जुन्या इमारतीत राहते. नळाचा वायसर बदलणे, बिजागरी घट्ट करणे, फ्लशच्या टाकीतला फ्लोट बसवणे ही कामे मी स्वतः करते, कारण ती हाताला कळतात आणि काही बिघडले तर फार तर फरशी ओली होते. विजेचे तसे नाही. सध्या गिझरचा १६ अँपिअरचा प्लगटॉप वापरानंतर हात ठेववत नाही इतका तापतो आणि न्हाणीघराबाहेर मासळीसारखा वास येतो. घरी बांगडे आणलेले नसतानाही तो येतो, म्हणून शंका आली. वायरमनला निरोप दिला, पण एवढ्याशा कामासाठी कोणी वेळेवर येत नाही.

हे काम शिकून घ्यावे असा विचार आहे. मात्र विजेविषयीची कोणतीही माहिती ऐकायला घेतली की पहिलीच सूचना असते : टेस्टर लावा आणि दिवा लागतो का ते पाहा. नेमके तेच मला शक्य नाही. वीज बंद असल्याची खात्री डोळ्यांशिवाय कशी करावी, तीन तारांतील कोणती कोणती हे कसे ओळखावे आणि कोणत्या कामापाशी थांबावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

बोरिवलीकर

ताई, आपल्या जिद्दीचा आदर आहे, पण स्पष्टच लिहितो. डोळस माणसेसुद्धा विजेच्या कामात जीव गमावतात. शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन माणूस बोलवावा, हेच शहाणपणाचे वाटते.

पांढरीकाठी

बोरिवलीकरांची काळजी समजते, परंतु डोळस माणसाला तरी वीज कोठे दिसते? त्यालाही उपकरणावरच विसंबावे लागते. फरक इतकाच की त्याचे उपकरण दिव्याने बोलते आणि आपल्याला आवाजाने किंवा कंपनाने बोलणारे उपकरण हवे. माझी दृष्टी शाळेत असताना गेली. प्लगटॉप, होल्डर, स्विच आणि पंख्याचा कपॅसिटर ही कामे मी नियमित करतो, म्हणून माझा क्रम सांगतो.

पेचकसाच्या आकाराचा नेहमीचा निऑन टेस्टर आपल्यासाठी निरुपयोगी आहे, तेव्हा तो घरात ठेवूच नये. त्याऐवजी तारेला स्पर्श न करता, तिच्या जवळ नेल्यावर बीप देणारा आणि शक्यतो थरथरणारा टेस्टर घ्यावा. तो घेतल्यावर त्याच्यावर लगेच विश्वास टाकू नये. सेल उतरला असेल तर तो गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे म्हणजे वीज नाही असे आपण समजतो. म्हणून चाचणी नेहमी तीन टप्प्यांत करायची. आधी वीज नक्की चालू असलेल्या सॉकेटवर तो वाजतो हे ऐकायचे, मग काम करायच्या जागी तो वाजत नाही हे तपासायचे आणि लगेच पुन्हा चालू सॉकेटवर जाऊन तो अजून वाजतो याची खात्री करायची. तिसरा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि लोक तो गाळतात. मी गाळत नाही.

तो तपासताना सॉकेटच्या दोन्ही बाजूंना फिरवावा, कारण न्यूट्रलपाशी (वीज परत नेणाऱ्या तारेपाशी) तो एरवीही वाजत नाही. तार लोखंडी पाइपात असेल किंवा टेस्टर नीट मुठीत धरलेला नसेल, तरी तो फसवू शकतो. याउलट बंद तारेशेजारून चालू तार जात असेल तर तो उगाच वाजतो, पण ती चूक आपल्या बाजूची आहे. वाजला की हात लावायचा नाही, एवढे पाळले की पुरे.

विजेच्या पेटीतील कोणता एमसीबी (बिघाड झाल्यावर आपोआप पडणारा स्विच) कोठला, हे शोधायला मी बॅटरी नसलेला रेडिओ वापरतो. तो त्या सॉकेटला लावून मोठ्याने चालू करायचा आणि एकेक एमसीबी खाली करत जायचे. ज्यावर रेडिओ बंद पडेल तो आपला. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत पंखा चालू ठेवावा, म्हणजे रेडिओ आपल्यामुळे थांबला की महावितरणमुळे, हे लगेच कळते. सापडलेल्या एमसीबीखाली ब्रेलची चिकटपट्टी लावून ठेवावी. कोणत्याही तरफेवर मात्र काहीही चिकटवू नये, तिची हालचाल मोकळी राहिली पाहिजे.

एक गोष्ट बोटांनी पक्की लक्षात ठेवावी. आपल्याकडे भिंतीवरचे बटण खाली दाबले की चालू होते, तर एमसीबी वर केला की चालू होतो. दोन्हींची दिशा उलटी आहे. त्यातही एखाद्याने एमसीबी उलटा बसवलेला असू शकतो, म्हणून रेडिओची चाचणी झाल्याशिवाय दिशेवरून निष्कर्ष काढू नये.

निवृत्त_तारतंत्री

मी परवानाधारक वायरमन होतो. वरील प्रतिसादातील क्रम योग्य आहे. त्यात एका सवयीची भर घालतो, आणि ती दृष्टिहीनांना आम्हा लोकांपेक्षा सोपी आहे.

डोळस माणसाला काम करताना उजेड लागतो. त्यामुळे तो एकच एमसीबी पाडतो आणि बाकीचे घर चालू ठेवतो किंवा तोंडात विजेरी धरून धडपडतो. आपल्याला ती गरज नाही. प्रथम एकच एमसीबी पाडून टेस्टरची तिन्ही टप्प्यांची चाचणी करावी, म्हणजे चाचणीसाठी शेजारचा सॉकेट चालू मिळतो. नंतर संपूर्ण घराचा मेन स्विचही बंद करावा. बहुतेक नव्या पेट्यांत मेन स्विच दोन खांबांचा असतो आणि तो फेज (वीज आणणारी तार) व न्यूट्रल दोन्ही तोडतो, तर साधा एमसीबी केवळ फेज तोडतो. कोणी आतल्या तारा उलटसुलट जोडून ठेवल्या असतील, तर एका एमसीबीच्या भरवशावर राहणे चुकीचे ठरते.

मात्र मेन बंद केल्यावर घरातील किंवा शेजारचे कोणी ‘ट्रिप झाले वाटते’ म्हणून तो वर करण्याची शक्यता असते. पेटीला कुलूप असेल तर लावावे, नसेल तर तरफेवर जाड चिकटपट्टी आडवी लावावी आणि घरात सर्वांना मोठ्याने सांगावे. चिकटपट्टी फक्त कामापुरती लावायची आणि काम संपताच काढायची.

पेटीत आरसीसीबी (वीज गळू लागल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आहे का तेही पाहावे. तो हाताला ओळखू येतो, कारण तो एमसीबीच्या दुप्पट रुंद असतो आणि त्यावर लहानसे दाबायचे बटण असते. घरासाठी तो ३० मिलिअँपिअरचा असावा. महिन्यातून एकदा ते बटण दाबल्यावर तरफ खट्‌कन पडली पाहिजे. पडली नाही तर तो निकामी आहे. मात्र आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला काही कळत नाही.

मासळीसारखा वास हे अगदी बरोबर ओळखलेले लक्षण आहे. प्लग आणि सॉकेटचे प्लास्टिक तापले की पुष्कळदा असाच वास येतो. आमच्याकडे लोक बोर्ड काळा पडल्यावर तक्रार करतात, आपल्याला त्याआधीच समजले. तो गिझर तूर्त वापरू नये.

ठिपकेसहा

दोघांचे मनःपूर्वक आभार. दोन शंका आहेत. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन बंद केला की तो लगेच चालू होतो आणि दिवे-पंखे सुरूच राहतात. शिवाय जिन्यातला दिवा वरून आणि खालून अशा दोन बटणांवर चालतो. त्याचा बल्ब बदलताना बटण खाली आहे की वर, यावरून काहीच ठरवता येत नाही.

निवृत्त_तारतंत्री

इन्व्हर्टरची शंका विचारली हे फार चांगले केले, कारण घरगुती अपघातांत हा मोठा सापळा आहे. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर स्वतः २३० व्होल्ट तयार करून दिव्यांच्या सर्किटला देतो, त्यामुळे मेन बंद असूनही बोर्डात वीज खेळत असते. उलट, केवळ इन्व्हर्टरचे पुढचे बटण बंद करूनही भागत नाही, कारण अनेक इन्व्हर्टरांत ते बटण बंद असतानाही महावितरणची वीज त्याच्यातून थेट पुढे जाते. म्हणून दोन्ही बंद करावे लागतात. आधी इन्व्हर्टरचे बटण बंद करावे, मग मेन पाडावा आणि घरातला एकही पंखा फिरत नाही हे कानांनी तपासावे. त्यानंतर कामाच्या जागी पुन्हा टेस्टर फिरवावा.

जिन्यातल्या दोन बटणांच्या दिव्याबाबत आपले निरीक्षण अचूक आहे. तेथे बटणाच्या स्थितीला काही अर्थ नसतो. साध्या एका बटणाच्या दिव्यातही मी बटणावर विश्वास ठेवत नाही, कारण जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले आढळते. अशा वेळी बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरच्या पिनांमध्ये फेज तशीच राहते. तेव्हा बल्ब बदलतानाही एमसीबी पाडावा. बल्ब काचेच्या बाजूने धरून खोबणीत बसवावा. पिना कोठे आहेत हे चाचपण्यासाठी होल्डरमध्ये बोट कधीही घालू नये.

अर्धदृष्टी

मला थोडे दिसते, पण रंग कळत नाहीत, म्हणून तारांच्या रंगांविषयी अनुभव लिहितो. फोनमधील रंग सांगणारी ॲप उपयोगी पडतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘सीइंग एआय’मध्ये रंग ओळखण्याची सोय आहे, तसेच उजेड वाढला की आवाजाचा स्वर वाढवणारी सोयही आहे. दिवा लागला की नाही हे तपासायला ही दुसरी सोय उत्तम आहे. रंगाच्या बाबतीत मात्र ती पिवळ्या बल्बखाली आणि सावलीत चुकते. तपकिरीला लाल किंवा काळा म्हणणे नेहमीचेच. दिवसा खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर तार ठेवून दोन-तीनदा विचारावे.

‘बी माय आइज’सारख्या व्हिडिओ मदतीतून एमसीबीवर छापलेला अँपिअरचा आकडा वाचून घेता येतो. परंतु वीज बंद आहे का, हा प्रश्न कॅमेऱ्याला किंवा पलीकडच्या माणसाला विचारू नये. त्याला तारेतली वीज दिसत नाही आणि तो सद्भावनेने ‘बंद दिसते आहे’ असे सांगून मोकळा होतो.

पांढरीकाठी

रंगांवर पूर्ण भिस्त न ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. उपकरणांच्या लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग असते, पण घरांतील जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज आणि काळी न्यूट्रल असते. तीन फेजच्या जोडणीत तर निळी तार तिसरी फेज असू शकते. म्हणजे भिंतीतल्या तारेचा रंग अचूक सांगितला गेला, तरी त्यावरून ती न्यूट्रल आहे असे म्हणता येत नाही.

आता ताईंच्या प्लगटॉपकडे येतो. हे काम गिझरचा प्लग सॉकेटातून पूर्ण बाहेर काढून, टेबलावर बसून करायचे आहे, त्यामुळे ते शिकण्यासाठी फार चांगले आहे. फक्त गिझरची वायर टेबलापर्यंत पोहोचत नसेल तर स्टूल त्याच्यापाशी न्यावे, वायर ओढू नये.

प्लगच्या तीन पिनांपैकी सर्वांत लांब आणि जाड पिन अर्थिंगची. प्लग भिंतीत घालायला निघाल्यासारखा धरावा, म्हणजे पिना आपल्यापासून दूर आणि जाड पिन वर येईल. अशा स्थितीत उजवीकडची पिन फेज आणि डावीकडची न्यूट्रल असते. प्लग उघडताना तो हातात उलटा झाला की डावे-उजवे बदलते, म्हणून उघडण्यापूर्वीच फेजच्या पिनेला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळून ठेवावा. प्लग सॉकेटात घालण्याआधी तो आठवणीने काढावा.

जुना प्लग उघडल्यावर तिन्ही तारा एकदम सोडू नयेत. नवा प्लग शेजारी उघडा ठेवावा आणि जुन्यातली एक तार सोडून नव्यात त्याच जागी घट्ट करावी, मगच दुसरीला हात लावावा. स्विच बदलतानाही मी हाच नियम पाळतो. रंग विचारण्याची गरजच पडत नाही. अर्थात जुना प्लग योग्य जोडलेला होता हे गृहीत धरू नये. त्यासाठी मल्टिमीटर (विजेचे मोजमाप करणारे उपकरण) बीपवर, म्हणजे सलग जोड मिळाल्यास वाजेल असा, ठेवून एक टोक गिझरच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, उदाहरणार्थ एखाद्या स्क्रूला, आणि दुसरे प्लगच्या जाड पिनेला लावावे. बीप आला म्हणजे अर्थिंग खरोखर उपकरणाच्या अंगापर्यंत पोहोचते आहे. उरलेल्या दोन पिनांपैकी कोणतीही अंगाशी वाजता कामा नये. वाजली तर दोष गिझरमध्ये आहे आणि तो चालू करायचा नाही. ही चाचणी केवळ वीज नसलेल्या, प्लग काढलेल्या उपकरणावर करायची असते.

उरलेल्या दोन तारांतील फेज कोणती, हे गिझरमध्ये बीपवरून समजत नाही, कारण दोन्ही कॉइलमधून एकमेकींना जोडलेल्या असतात. थर्मोस्टॅटचे बटण बंद असेल तर ते सर्किट तुटलेलेही दिसेल. येथे अर्धदृष्टी यांनी सांगितल्याप्रमाणे दिवसाच्या उजेडात रंग विचारावा. या दोन तारा उलट लागल्या तरी गिझर पाणी तापवतो, पण थर्मोस्टॅट बंद झाल्यावरही कॉइलला फेज लागलेली राहते. ते टाळायचे आहे.

तारेचे टोक सोलल्यावर बारीक केस पिळून घ्यावेत आणि स्क्रू आवळल्यावर बोट गोल फिरवून एकही केस बाहेर राहिला नाही हे पाहावे. मग प्रत्येक तार ओढून बघावी. अर्थिंगची तार इतर दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर कधी जोराने ओढली गेलीच तर ती सर्वांत शेवटी सुटेल. वायर धरणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर आवळली गेली पाहिजे, आतल्या पातळ तारांवर नव्हे.

स्क्रू हरवू नयेत म्हणून मी इडलीपात्राची एक ताटली घेतो आणि ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवतो. घरातून विरोध होतो, पण ताटली धुता येते.

बोरिवलीकर

चर्चा वाचून माझे मत बरेच बदलले. एक व्यावहारिक प्रश्न मात्र उरतो. परवाना नसताना घरातले काम करणे नियमात बसते का?

निवृत्त_तारतंत्री

प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ वा नियम आणि त्यानंतर २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमावलीतील तरतूद यांचा आशय सारखाच होता, आणि तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमावलीतही तो कायम आहे. विजेच्या मांडणीत भर घालणे, फेरफार करणे आणि दुरुस्ती करणे ही कामे परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावीत. मात्र दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे यांची अशी अदलाबदल वगळलेली आहे, जिने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही. म्हणजे तशाच जातीचा स्विच काढून तसाच बसवणे यात येते, नवा पॉइंट ओढणे येत नाही. नियम डोळस आणि दृष्टिहीन असा भेद करत नाही, आणि माझ्या मते ही रेषा दोघांसाठी योग्य जागी आखलेली आहे.

त्यापलीकडे काही गोष्टी मी कोणालाही करू देणार नाही. एमसीबीची पेटी उघडणे ही त्यातली पहिली, कारण मेन बंद केल्यावरही मीटरकडून येणाऱ्या तारा आणि मेन स्विचची त्या तारांकडची बाजू जिवंतच राहते. दुसरी मायक्रोवेव्ह. त्यातील कपॅसिटर काही हजार व्होल्टचा असतो आणि प्लग काढल्यानंतरही भार धरून राहू शकतो.

पांढरीकाठी

कपॅसिटरचा विषय निघाला आहे म्हणून पंख्याविषयी थोडक्यात लिहितो. पंखा नुसता गुणगुणतो, पण फिरत नाही आणि पाते ढकलल्यावर फिरू लागतो किंवा हळूहळू मंद होत गेलेला असतो, तेव्हा बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्यात तो सहसा २.२५, २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा असतो आणि जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा आणावा. मोठा बसवला तर वेग वाढेल, ही समजूत धोक्याची आहे, त्याने वाइंडिंग तापते. वीज बंद केल्यावरही जुन्याची टोके उघड्या हाताने धरू नयेत. कपॅसिटरच्या दोन तारांना उलट-सुलट नसते, म्हणून हे काम रंगाविना होते. अडचण तारांची नसून शिडीची आहे. शिडी धरायला माणूस हवाच, आणि त्याने बोलत राहावे, म्हणजे तो जागेवर आहे हे कळते.

आपली ही धडपड नवी नाही, हेही नोंदवतो. सॅन फ्रान्सिस्कोतील स्मिथ-केटलवेल या नेत्रसंशोधन संस्थेने १९८० च्या दशकात दृष्टिहीनांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे एक तांत्रिक नियतकालिक काढले होते. आवाजाने मोजमाप सांगणारी मीटर कशी तयार करावीत आणि न पाहता डाग कसा द्यावा (सोल्डरिंग), असे विषय त्यात असत. आज बोलणारे मल्टिमीटर मिळतात. ते महाग वाटले, तरी बीप देणारा साधा मीटर आणि कंपन करणारा टेस्टर यांत घरातील बहुतेक गरज भागते.

ठिपकेसहा

सर्वांनी सांगितल्याप्रमाणे प्लगटॉप टेबलावर बदलला. अर्थिंगचा बीप मिळाला आणि इतर दोन पिना अंगाशी वाजल्या नाहीत. परंतु नवा प्लग सॉकेटात घालताना तो फारच सहज आत गेला. इतर सॉकेटांत त्याला जोर लावावा लागतो. म्हणून गिझर चालू न करता इन्व्हर्टर आणि मेन बंद केले, टेस्टर फिरवला आणि सॉकेटची पाटी सैल केली. पाटी जरा पुढे घेतल्यावर मागच्या तारा हाताला लागल्या. त्या एकसंध, जाड पण हलक्या आणि मऊ आहेत. अर्ध्यातून वाकल्या तर तशाच राहतात. नवीन सॉकेट आणलेला आहे. तो बसवू का?

निवृत्त_तारतंत्री

बसवू नये. पाटी आहे तशी मागे ढकलून स्क्रू लावावेत आणि त्या सर्किटचा एमसीबी पाडूनच ठेवावा.

आपण वर्णन केलेल्या तारा ॲल्युमिनियमच्या असाव्यात. जुन्या इमारतींत त्या अजून सापडतात. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबत जाते, त्याच्यावर रोध करणारा थर साचतो आणि दोन-चारदा वाकवले की ते तुटते, तेही भिंतीच्या आत. गिझर २ किलोवॅटचा धरला तरी जवळपास ९ अँपिअर प्रवाह सलग वाहतो, आणि सैल जोडावर तेवढा पुरेसा आहे. प्लग तापण्याचे मूळ सॉकेटच्या ढिल्या पकडीत आणि या जोडात होते. नुसता प्लग बदलून गिझर लावला असता तर नवा प्लगही तसाच जळाला असता. प्लग सहज आत जातो हे आपण ओळखले, तेथेच निदान झाले.

येथून पुढे काम पेटीपासून गिझरपर्यंत तांब्याची नवी तार ओढण्याचे आहे. ४ चौरस मिलिमीटरची तार, स्वतंत्र एमसीबी, पक्की अर्थिंग आणि आरसीसीबी नसेल तर तोही, असे परवानाधारकाला सांगावे. तो आल्यावर जुनी तार टाकून देण्यापूर्वी तिचा तुकडा हातात मागून घ्यावा आणि नव्या तारेशी ताडून पाहावा. तांबे जड आणि ताठ लागते. काम संपल्यावर त्याच्यासमोरच आरसीसीबीचे बटण दाबून तरफ पडल्याचा आवाज ऐकावा आणि मगच पैसे द्यावेत.